तुजो टाळ तुटता

पहाटेचे सव्वातीन झाले होते. दुपारी बाराला पेटवलेली समई देवळाच्या चौकात तशीच तेवत होती, चोवीस तासांच्या अखंड भजनाची कितवी तरी पाळी उभी होती आणि मी शेजारच्या खोलीत, ते इंटरनेटवर पोचवणाऱ्या प्रक्षेपणाच्या संगणकासमोर जागा होतो. फोन वाजला. डोंबिवलीची आत्या. अशा वेळी ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचा फोन आला की पोटात गोळा येतो, तसा आला. ‘आत्ये, कितें जालें?’ मी विचारलं. ती मात्र अगदी शांत होती. तिच्या पाठीमागे आमचंच भजन ऐकू येत होतं, अर्ध्या मिनिटापूर्वी माझ्या कानावरून गेलेला अभंग आता तिच्या घरात वाजत होता. ‘पुता, तुजो टाळ तुटता,’ ती म्हणाली. मी म्हटलं, आत्या, नेट असेल, इथे पाऊस धो धो आहे. त्यावर ती म्हणाली, ‘नेट गेलं की ते चाक फिरतं आणि सगळंच थांबतं, ते मला कळतं. हे थांबत नाही. पखवाज चालूच असतो आणि मधला टाळाचा एक कण कुणीतरी उचलून नेतो. माझी एक माळ पुरी होते न होते तोच.’ मग ‘तू जेवलास ना?’ असं विचारून तिने फोन ठेवला.

त्या रात्री साठ-पासष्ट जण ऐकत होते. मुंबई, पुणे, बेळगाव, आखातात असलेली आमच्या वाड्यावरची मुलं. एकाचीही तक्रार नव्हती. उलट ‘आवाज मस्त येतोय’ असे निरोप संध्याकाळपासून येत होते. मी हेडफोन लावून दहा मिनिटं कान देऊन ऐकलं, मला काही सापडलं नाही. वय झालं, रात्रीची जाग, जुना मोबाइल, अशी कारणं मी मनात एकापुढे एक मांडली. प्रत्येक कारण मांडताना आतून टोचत होतं, कारण आत्याचा कान काय आहे हे आमच्या घरात मला जितकं माहीत आहे तितकं कुणालाच नाही.

आणि एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा होता, तो शून्य असायला हवा होता. तो शून्य नव्हता.

आमचं गाव गोव्यातल्या अंत्रुज महालातलं, म्हणजे फोंड्याकडचं. देऊळ, पुढे चौक, बाजूला अग्रशाळा, म्हणजे देवळाची धर्मशाळा, अग्रशाळेच्या टोकाला ही खोली. पूर्वी इथे पालखीचं सामान असे, अजूनही भिंतीला तेलाचा आणि जुन्या मखमलीचा वास आहे. दिवसा मी एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळतो, संध्याकाळी इथे येतो. पाच वर्षांपूर्वी आरती आणि भजन इंटरनेटवर पोचवायचं ठरलं तेव्हा पैसे जेमतेम होते. कुणाच्या तरी कचेरीतून निघालेला एक संगणक मिळाला, त्यावर मी विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घातलं. चौकातले माइक मिक्सरमध्ये, मिक्सरमधून यूएसबीच्या छोट्या पेटीत (बाहेरून जोडायचं साउंड कार्डच ते), पेटीतून संगणकात, आणि तिथून दोन वाटा: एक आइसकास्ट या इंटरनेट-रेडिओच्या प्रोग्राममार्फत जगाकडे, दुसरी अग्रशाळेतल्या कर्ण्यांकडे, जिथे म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायका बसून ऐकतात. कागदावर हे सरळ दिसतं. पण लिनक्सवर आवाजाचं काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे आवाजाचा कारभार कुणाच्या हाती द्यायचा. तिथे या कामाला एक कारभारी नाही. अगदी तळाशी, कार्डाशी थेट बोलणारी आल्सा. यारोस्लाव किसेलाने १९९८ मध्ये हाती घेतलेली आणि आज कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग असलेली. तिच्यावर पल्सऑडिओ, जो घरच्या वापराच्या संगणकांवर बरीच वर्षं होता. स्टुडिओवाल्यांसाठी पॉल डेव्हिसचा जॅक. आणि आता या दोघांची जागा एकट्याने घेऊ पाहणारा विम टायमन्सचा पाइपवायर, जो २०२१ पासून लिनक्सच्या एकेका वितरणात, म्हणजे तयार संचात, आपसूक बसवलेलाच येऊ लागला.

मी सुरुवात केली ती आयत्या मिळालेल्या पल्सऑडिओने. चाचणीच्या दुसऱ्याच संध्याकाळी, बुवा आलाप घेऊन समेकडे येत असताना, ‘टिंग’ असा आवाज साऱ्या अग्रशाळेत घुमला. संगणकाला कसलंसं अपडेट हवं होतं, ते तो सांगत होता. घरच्या संगणकावर ही सोय आहे, सगळ्यांचे आवाज एकत्र मिसळून देणं हेच पल्सऑडिओचं काम, आणि ते त्याने चोख केलं. पण प्रक्षेपणाच्या संगणकावर बोलण्याचा हक्क फक्त समोर माइकवर असलेल्या माणसाला असतो. त्या रात्री मी तो काढला. तो काढला तरी पुन्हा उठतो, त्याची आपोआप उठण्याची खोड सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते, हे कळायला आणखी एक रात्र गेली.

मग आल्सा, थेट. आल्सामिक्सर हा तिचा आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्राम उघडला की काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्या दिसतात आणि प्रत्येक पट्टीखाली दोन अक्षरं, ‘एमएम’ म्हणजे तोंड बांधलेलं, ‘डबल शून्य’ म्हणजे मोकळं. नव्या माणसाचा पहिला तास इथेच जातो; सगळं बरोबर जोडलेलं असतं, पट्टी वर असते, आणि खाली एमएम. मी तो तास दिला. दुसरा धडा महाग पडला. लिनक्स साउंड कार्डांना शून्य, एक, दोन असे नंबर देतो, जे आधी सापडेल त्याला आधी. एका गुरुवारी वीज गेली, आली, संगणक आपला आपण उठला, आणि या वेळी यूएसबीच्या पेटीऐवजी पडद्याच्या एचडीएमआयला तो नंबर मिळाला. सगळं चालू दिसत होतं, दिवे हिरवे होते, आणि सतरा मिनिटं आम्ही साऱ्या जगाला शांतता ऐकवत होतो. तेव्हापासून मी कार्डाला नंबराने हाक मारत नाही, नावाने मारतो. आल्साला तेही चालतं. आमच्याकडे, जिथे पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा डोळे मिटते, तिथे हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

आल्साची अडचण अशी की कार्ड थेट धरलं की ते एकाच प्रोग्रामच्या हातात राहतं. जगाकडे पाठवणारा प्रोग्राम ऐकत असेल तर अग्रशाळेकडे नेणाऱ्याला ‘जागा नाही’ म्हणून परत यावं लागतं. म्हणून शेवटी जॅक. जॅकमध्ये कुठल्याही तोंडातून कुठल्याही कानात वायर ओढता येते, पडद्यावर त्या वायरी खरोखरच दिसतात, आणि कुणी आगंतुक मध्ये येऊन टिंग करत नाही. स्टुडिओतली माणसं जॅकचा बफर, म्हणजे आवाज पुढे देण्याआधी साठवायचं भांडं, चौसष्ट सॅम्पलपर्यंत (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक माप) खाली आणतात, कारण गाणाऱ्याला आपला आवाज त्याच क्षणी कानात हवा असतो. मी तो १,०२४ ठेवला. सेकंदाला ४८,००० सॅम्पल या हिशेबात तो साधारण एकवीस मिलिसेकंदांचा होतो. आम्हाला घाई नव्हती, आवाज तुटू नये एवढंच हवं होतं. हे मी तेव्हा अगदी याच शब्दांत एका वहीत लिहून ठेवलं होतं. आणि त्याच पानावर खाली लिहिलं होतं: आत यूएसबीची पेटी, बाहेर संगणकाचं स्वतःचं कार्ड. कारण अग्रशाळेकडून आलेल्या वायरीच्या टोकाला बारीक, एअरफोनसारखी पिन होती आणि ती संगणकाच्या मागच्या हिरव्या भोकात नीट बसली. पेटीला मागे बाहेर जायची दोन मोठी, पाव इंची भोकं होती. ती दोन वर्षं रिकामी राहिली. पिन बदलायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

आत्याच्या कानाबद्दल सांगायला हवं. बाबा आणि आत्या, दोघं याच गावात वाढली, पोर्तुगीजांच्या राज्यात. घरात रेडिओ नव्हता, शेजारच्या घरात होता. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सरहद्दीपलीकडच्या रानातून गोव्याच्या मुक्तीसाठी गुप्त रेडिओ चालवत, ते ऐकायला दार लावून, आवाज बारीक करून माणसं बसत. बाबा सांगत की मोठ्यांना खरखरीतून शब्द लागत नसत, आणि दहा-बारा वर्षांची आत्या सेटला कान लावून बसे आणि एकेक वाक्य पुन्हा म्हणून दाखवी. एखादा शब्द खरखरीत बुडाला तर ती तिथे थांबे, ‘इथे एक शब्द गेला’ म्हणे, अंदाजाने भरत नसे. मला बाबांच्या त्या सगळ्या गोष्टीत हेच वाक्य सगळ्यात जास्त आठवतं. ‘इथे एक शब्द गेला.’ पुढे मुक्ती झाली, आकाशवाणीचं पणजी केंद्र आल्तिनोच्या टेकडीवरून मोकळेपणाने बोलू लागलं, आमच्याही घरी सेट आला. तोवर आत्या लग्न होऊन मुंबईकडे गेली होती. चवथीला माहेरी आली की ती आरतीच्या वेळी ओटीवर भिंतीला टेकून बसे, डोळे मिटून, आणि संपल्यावर सांगे की कासाळं, म्हणजे मोठी झांज, कुणाचं चिरलंय.

म्हणून मला त्या कारणांची लाज वाटत होती.

पण उलट विचारही येत होता आणि तो मी बाजूला सारू शकत नव्हतो. त्या रानातल्या रेडिओची खरखर, मध्येच विरणारा आवाज, हे सगळं असूनही माणसं ऐकत राहिली. आणि मी इथे एकवीस मिलिसेकंदांसाठी रात्री जागतोय. कुणाला त्याने काय फरक पडणार? देवाला तर नाहीच. भजन चौकात चाललंय, समई तेवतेय, अखंड तिथे आहे. इंटरनेटवरून जातं ती त्याची पडछाया. पडछायेत एक कण कमी पडला तर बिघडलं काय? मी पहाटे पाच वाजता याच विचारात खोलीतून उठून चौकात गेलो. पाळी बदलायची वेळ होती.

पाळी बदलताना मी लहानपणापासून पाहत आलोय, पण त्या पहाटे वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं. जाणारं पथक समईच्या एका अंगाला, येणारं दुसऱ्या अंगाला. अभंग संपत आला की येणाऱ्यांतला एक जण जाणाऱ्याच्या शेजारी येऊन उभा राहतो, आधी ओठांनी, मग आवाजात मिसळतो. टाळ हातातून हातात देत नाहीत. येणारा आपला टाळ घेऊन येतो, चार-सहा आवर्तनं दोन्ही टाळ बरोबर वाजतात, आणि मग जुना हळूच खाली येतो. पखवाज अवघड. नवा पखवाजी आपल्या पखवाजाला ताजी कणीक लावून, मांडीवर घेऊन तयार बसतो, जुन्याच्या हाताकडे बघत, आणि समेवर उचलतो. मधे कुणी घाईत नव्हतं, कुणी थांबत नव्हतं. जॅकही हेच करतो. एक बफर वाजत असतो तोवर दुसरा भरून तयार ठेवायचा, पहिला संपण्याआधी. तो वेळेवर भरला नाही की एक्सरन. कोपऱ्यातला तो आकडा एक्सरनचा होता. आणि इथे चौकात कुणी तरी कुणाच्या तरी हाताकडे बघून आपली चाल जुळवत होतं, हे मला तेव्हा दिसलं आणि मी तिथेच खांबाला टेकून उभा राहिलो. माझ्या संगणकात कोण कुणाकडे बघत होतं?

चोवीस तास पुरे झाल्यावर, उतरणीची आरती होऊन माणसं पांगल्यावर मी जॅकची नोंद उघडली. दोनशेच्या वर एक्सरन. ते कसेही पडलेले नव्हते. तीन वाजून एक मिनिट, तीन वाजून आठ, तीन वाजून पंधरा. सात मिनिटं आणि काही सेकंद, पुन्हा सात मिनिटं आणि काही सेकंद, रात्रभर, एखाद्या पहारेकऱ्याच्या फेरीसारखे. मी आत्याला फोन केला आणि तब्येत विचारण्याच्या निमित्ताने विचारलं, एक माळ किती वेळात होते तुझी? ती म्हणाली, घाई नसेल तर एका मण्याला चार-एक सेकंद. एकशे आठ चोक चारशे बत्तीस. सात मिनिटं बारा सेकंद.

मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो.

कारण तोवर माझ्या लक्षात आलं होतं. प्रत्येक साउंड कार्डाच्या पोटात एक क्वार्ट्झचा तुकडा असतो, त्याच्या कंपनावर ते सेकंदाला ४८,००० मोजतं. यूएसबीच्या पेटीचा एक, संगणकाच्या कार्डाचा दुसरा. दोघंही ४८,००० म्हणतात आणि दोघांचा सेकंद मात्र एक नसतो. स्वस्त क्रिस्टलमध्ये दहा लाखांत पन्नासाचा फरक सहज असतो. खात्री करायला मी पुढच्या रविवारी रिकाम्या चौकात माइक ठेवला, त्याची तार दोन्ही कार्डांच्या आत नेली, दोन्हीवर वेगवेगळं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि भजनी मंडळाच्या पेटीतला एक टाळ घेऊन एकदा वाजवला. तासाभराने आणखी एकदा. मग पडद्यावर दोन्ही ध्वनिरेषा मोठ्या करून पहिल्या ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतची सॅम्पलं मोजली. टाळाच्या ठोक्याची सुरुवात पडद्यावर फार सुंदर दिसते, सपाट रेषेतून सरळ उभी भिंत, त्यामुळे चूक व्हायला जागा नव्हती. तासाला सतरा कोटी अठ्ठावीस लाख सॅम्पलं, आणि दोन कार्डांच्या मोजणीत साडेआठ हजारांच्या वर फरक. म्हणजे सेकंदाला दोन-अडीच. पेटी एका वेगाने भरत होती, कार्ड किंचित निराळ्या वेगाने रिकामं करत होतं, आणि ती दोन-अडीच सॅम्पलं सेकंदामागून सेकंद साठत जाऊन १,०२४ ची मोकळीक संपवत होती. १,०२४ भागिले दोन पूर्णांक चार: चारशे सत्तावीस सेकंद. तिथे जॅक अडखळायचा, सावरायचा, आणि एक कण जायचा. पखवाजाच्या घुमणाऱ्या, लांब आवाजात तो कळत नाही. टाळ टोकदार असतो. त्या क्षणी टाळाचा ठोका पडत असला तर तो कापलेला कळतो. आत्या अगदी बरोबर सांगत होती, कणसुद्धा तिने बरोबर सांगितला होता.

आता उपाय. पहिला मी त्याच रात्री करून पाहिला. फॉन्स आड्रियानसेन यांचं झीटा नावाचं साधन आहे, ते दोन कार्डांच्या मधे उभं राहून एकाचा वेग सतत मोजतं आणि दुसऱ्याला जुळेल इतका आवाज ताणतं किंवा आवळतं. पाइपवायर तर हे न सांगताच करतो. लावलं आणि एक्सरन शून्य झाले. दहा लाखांत पन्नास इतकं ताणलेलं कुठल्याही गवयाला कळणार नाही. दोन शेजारच्या स्वरांतल्या अंतराचे हजार भाग केले तर त्यातल्या एकापेक्षाही तो फरक कमी. काम झालं होतं. मी झोपायला हवं होतं.

झोप आली नाही, त्याला कारण बुवा. त्याच्या आदल्या वर्षी, ती सतरा मिनिटांची शांतता झाल्यावर, मी त्यांना एक योजना सांगितली होती. चौकातून आवाज येईनासा झाला तर वीस सेकंदांनी संगणक आपोआप जुनं रेकॉर्ड केलेलं भजन सुरू करील, ऐकणाऱ्याला काही कळणार नाही. लिक्विडसोपसारख्या साधनात हे अगदी थोड्या ओळींत जमतं, आणि रेडिओ केंद्रं हे नेहमी करतात, करायलाच हवं. बुवा पान लावत होते, ते थांबले. ‘नको,’ म्हणाले. ‘गप्प झालं तर गप्प होऊं दे. लोकांना कळूं दे की आमचं तुटलं. खोटं अखंड नको.’ मी तेव्हा वाद घातला होता. पुण्यात रात्री एकटा ऐकणाऱ्या माणसाला शांतता का द्यायची? मला आजही वाटतं की रोजच्या आरतीच्या प्रक्षेपणात ती सोय असावी, आणि ती मी नंतर घातली, त्यांची परवानगी घेऊन. पण अखंडाच्या चोवीस तासांत ती बंद असते.

त्यांचं वाक्य त्या रात्री झीटाच्या समोर बसल्यावर परत आलं. ताणून जुळवलेला आवाज खोटा म्हणायचा का? मग एमपी थ्री काय? मी सेकंदाला १,५३६ किलोबिट आत घेतो आणि १२८ बाहेर पाठवतो, बारातले अकरा भाग तर मीच टाकून देतो, आणि कुणी त्याला खोटं म्हणत नाही. माझ्याकडे याला सरळ उत्तर नव्हतं. एवढंच जाणवत होतं की टाकून देणं वेगळं आणि भरून काढणं वेगळं, आणि ज्या घरात एक मुलगी ‘इथे एक शब्द गेला’ म्हणून थांबत असे त्या घरातला मी आहे. शिवाय माझ्या बाबतीत भरून काढण्याची गरजच नव्हती. फट दोन घड्याळांमुळे पडत होती, आणि दुसरं घड्याळ मी केवळ एका पिनेच्या आळसाने मधे आणलं होतं. ज्याच्याकडे दोन कार्डांशिवाय गत्यंतर नाही त्याने झीटा लावावं, पाइपवायर लावावा, बिनदिक्कत. माझ्याकडे गत्यंतर होतं.

दुसऱ्या दिवशी फोंड्याच्या बाजारातून दोन पाव इंची पिना आणल्या. अग्रशाळेची वायर सोलली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं, आमच्याकडच्या दमट हवेत तांबं असंच होतं, चकचकीत धातू लागेपर्यंत दोन बोटं कापत जावं लागलं. कातळावर पाऊस पडल्यावर येतो तसा वास त्या खोलीत होता, त्यात राळेचा धूर मिसळला. पिना सोल्डर केल्या, पेटीच्या मागच्या रिकाम्या भोकांत बसवल्या, जॅकला सांगितलं की आत आणि बाहेर दोन्ही एकच पेटी. संगणकाचं स्वतःचं कार्ड बायोसमधूनच, म्हणजे लिनक्स सुरू होण्याआधीच्या सेटिंगमधूनच, बंद केलं, म्हणजे नंबरांचा घोळही उरला नाही. सगळं मिळून दीड तास. चोवीस तास चालवून पाहिलं, आकडा शून्यच राहिला. त्याच झटक्यात आणखी एक गोष्ट काढली. चौकाच्या छपराखाली पाऊस फार वाजतो म्हणून मी मधे एक नॉइज रिडक्शन घातलं होतं. ते पाऊस पुसायचं, पण टाळाचा मागे रेंगाळणारा नादही खायचं, शेवटी टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखा यायचा. माइक गाणाऱ्यांच्या थोडे जवळ सरकवले आणि ते काढून टाकलं.

आत्याला यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, आणि कुठून सुरुवात करायची? शिवाय मला तिची परीक्षा घ्यायची नव्हती, माझी द्यायची होती.

यंदाच्या श्रावणात पुन्हा अखंड झालं. पहिल्या पाळीपासून मी खोलीत होतो. पाऊस संध्याकाळी थोडा थांबला, मध्यरात्रीनंतर परत धरला. पडद्यावर माणसांचा आकडा सत्तरच्या पुढे गेला, त्यातला एक डोंबिवलीचा, मला माहीत होतं. तीनला मी चहा केला. सव्वातीनला फोनकडे बघितलं. साडेतीन, चार. पाचची पाळी बदलली, नवा पखवाज समेवर उचलला गेला, हेडफोनमध्ये तो जोड मला कळलासुद्धा नाही. कोपऱ्यात शून्य. फोन काही वाजला नाही, आणि खरं सांगायचं तर मला किंचित चुकल्यासारखं वाटलं.

आरती झाल्यावर, दुपारी, मीच केला. तिने पहिल्या घंटीला उचलला. रात्रभर ऐकलं म्हणाली, तीन वाजता जरा डोळा लागला, पण मोबाइल उशीपाशीच होता. मी विचारलं, टाळ कसा होता? ‘टाळ बरो आसा,’ ती म्हणाली. मग थोडी थांबली. तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता. गुडघ्यांमुळे ती सहा वर्षं गोव्याला आलेली नाही, पुढच्या चवथीला बघू, असं दरवर्षी म्हणते.

‘पाऊस खूप होता रे तुमच्याकडे, मध्यरात्री,’ ती म्हणाली. मी हो म्हटलं.

‘पण त्याचा आवाज वेगळा येत होता. चौकाचे नळे केन्ना काडले? पत्रे घातले काय रे?’

दोन वर्षांपूर्वी घातले. कौलं गळत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.